बादलीवरचा नळ

३ मार्च
टप्. टप्. टप्. डोकं फिरायची वेळ आलीय! परवाच नवं वायसर टाकलं, नळ पुन्हा गळतोय. खाली सासूबाईंची लाल बादली आहेच. "एवढ्या बारीक थेंबाला मीटर फिरत नाही, रुइफेन. फुकटचं पाणी!" आमच्या त्यानचिन शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची हीच अक्कल. ऐकायचं मात्र मी, स्वयंपाकघराला लागून माझी खाट.

५ मार्च
ताईचा फोन. पार दक्षिणेला, श्यामन शहरात तिची खाणावळ सुरू झालीय. माझी जागा राखून ठेवलीय, पण महिनाअखेरपर्यंतच. "नवरा जाऊन वर्षं झाली. त्याच्या आईपाशी काय करतेयस अजून?"
खरंच काय करतेय? ह्याच दोन खोल्यांत म्हातारी होणार मी! सासूबाईंना सांगून टाकलं — एवढा नळ नीट करते आणि निघते.
"बरं," म्हणाल्या. शेंगदाणे सोलत राहिल्या.

६ मार्च
वायसर बदललं. गळायचं थांबलं!

७ मार्च
टप्.

१० मार्च
वरच्या मजल्यावरचे कोंगकाका पाना घेऊन आले. जन्मभर हेच काम केलेला माणूस. वायसर तळहातावर घेतलं आणि हसायलाच लागले. "हे झिजलेलं नाही, पोरी. कात्रीनं कातरलंय कुणीतरी." सासूबाई उठून आत गेल्या.
मी भडकलेच. "चार थेंब पाण्यासाठी माझा जीव घेणार का?"
भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मसणात गेलं ते पाणी! नळ नीट झाला की जाणार, तूच म्हणालीस ना?"
राग आला. त्याहून जास्त कीव आली. दोन्हीकडून अडकले. संध्याकाळी दोघींनी पुऱ्या लाटल्या, कोबीचं सारण भरलं, वाफवून खाल्लं. नळाचं नाव कुणी काढलं नाही.

११ मार्च
काकांनी दिलेलं नवं वायसर घेऊन उभी राहिले. ठेवून दिलं. उद्या बघू.

१३ मार्च
ताईचा फोन. "अजून गळतोच आहे गं," म्हटलं. "नळच ना तो? की धरण?" ती ओरडली.

१५ मार्च
बाजारातून आले तर नवा कोरा नळ! सासूबाईंनी काकांना बोलावून बसवून घेतलाय. माझी बॅगही भरलीय, स्वेटरसकट.
"जा आता. मी काही करणार नाही."
एक थेंब नाही. आता कुणाच्या नावानं खडे फोडू? मला जायचंच नाहीये!