बंद गाडी, दिघी ते आगरदांडा

तेव्हा मी मनगट फिरवत होतो ते "काय?" असं विचारायला नव्हे, आत्या. चावी फिरवण्याची खूण करत होतो. गाडी चालू होत नाही, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही आगरदांड्याच्या धक्क्यावर डबा घेऊन उभ्या, मी बोटीच्या टोकाला, मधून मोटारसायकली चढताहेत. इतक्या लांबून "चालू होत नाही" आणि "तुमचं इथे काय काम" या दोन्ही गोष्टी मनगटावर सारख्याच दिसतात. त्यात ही गाडी चावी फिरवून चालू होतच नाही, बटण दाबून होते. म्हणजे माझी खूणसुद्धा जुन्या गाडीची होती. (जुनी गाडी वादळात गेली, तुम्हाला माहीत आहे. माडाखाली उभी होती.) मग बोटीचा उतरायचा पत्रा वर उचलला गेला, मधलं पाणी रुंद होत गेलं, तुम्ही लहान होत गेलात. आबांनी गाडीच्या मागच्या खिडकीतून हात केला. तुम्ही केला नाहीत.

नमस्कार वर यायला हवा होता, तो इथे घ्यावा. तीर्थस्वरूप येसूआत्यांना निकेतचा साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण डबा काखेत मारून तुम्ही रिक्षापर्यंत ज्या वेगाने गेलात तो बोटीवरून दिसला. आमच्याकडे सर्व बरं. सुपारीने धरलंय. आबांचे गुडघे होते तिथेच आहेत. पत्र लिहायचं कारण असं की तुमचा फोन बंद लागतो. तुमच्या सूनबाईंना लावला, तर रुचिता म्हणाली, "फोन चालू आहे भावोजी, बोलणं बंद आहे." लिहिण्याबद्दल ती काही म्हणाली नाही. म्हणून लिहितो.

सगळ्याचं मूळ या 'बंद' शब्दात आहे. समुद्राकडच्या आळीत पनवेलच्या एका मितेशने घर बांधलंय. वाडवडील मिठागरावर होते, आता ट्रक आहेत. त्याला ही गाडी विकून टाकायची आहे. का, विचारलं, तर म्हणाला, "काका, बंद झाली ना ती." मी म्हटलं, बंद गाडी घेऊन मी काय करू? तो म्हणाला, "गाडी चालू आहे. कंपनीने बंद केली. म्हणजे बनवायची बंद केली. जी आहे ती एकदम चालू आहे." मी हे घरी सांगितलं, तेव्हा किशोरी पाट्यावर वाटण वाटत होती. (वाटणाचा मिक्सरही बंद आहे. तो मात्र सरळ अर्थाने.) ती म्हणाली, चालू असलेली बंद गाडी आणि बंद असलेला चालू मिक्सर यातलं आधी काय घ्यायचं ते घरातल्या माणसाला कळायला पाहिजे.

बंद का केली, याचाही मी विचार केला. गाडी मध्यम आहे. लोकांना हिच्याहून मोठी हवी होती, नाहीतर लहान. मधली कुणी मागितली नाही. एवढ्यासाठी एखादी गोष्ट जगातून बंद व्हावी, हे मला पटेना. आबाही तिघा भावंडांत मधले. मी दोन दिवस संध्याकाळी त्या आळीतून उगाच चालत गेलो. कुंपणाच्या आत ती सुरूच्या सावलीत उभी असायची. पांढरी, म्हणजे मुळात पांढरी. काचांवर वाळूची बारीक साय. वारा आला की सुरूच्या काड्या टपावरून घसरून खाली पडायच्या आणि ती काही म्हणायची नाही.

बघायला रीतसर गेलो, बोर्लीच्या सदू मेकॅनिकला घेऊन. सदूचं ज्ञान मोठं आहे आणि ते तो बोलून मोठं ठेवतो. त्याने पत्रा वाजवला, टायरला लाथ मारली, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आणि खारी हवा या विषयावर बराच वेळ बोलला. आपल्या किनाऱ्यावर गाडी वरून म्हातारी होत नाही, खालून होते, असं त्याचं म्हणणं. मग तो खाली गेला. खाली गेल्यावर त्याचा आवाज बंद झाला. मितेश आणि मी बाहेर आलेल्या चपलांकडे बघत उभे. मला वाटलं, काहीतरी गंभीर सापडलं. शेवटी मितेशने वाकून विचारलं, "सदूभाऊ, काय दिसतंय?" आतून उत्तर आलं, "गार हाय." त्याला डोळा लागला होता. बाहेर येऊन त्याने निकाल दिला: गाडी झकास हाय, गंज थोडा हाय, पार्ट मिळतील तवर मिळतील. घेऊ का, विचारलं, तर म्हणाला, "घ्या. पण विकायची येळ आणू नका." यात काही तथ्य असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही.

खरी परीक्षा आबांनी घेतली. तुम्हाला माहीत नसेल, पण आबा घराबाहेर पडत नाहीत त्याचं कारण गुडघे नव्हे, उंची आहे. रिक्षात वाकावं लागतं. शेजारच्या गणराजच्या जीपमध्ये चढावं लागतं. लहान गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. घरात ते एकाच जागी कुणाचा हात न धरता बसतात आणि उठतात, ती म्हणजे आमची ओटी. मितेशने गाडी अंगणात आणून लावली. आबा आले, पाठ वळवली, मागे न बघता बसले. ओटीवर बसतात तसे. पाय आत घेतले. सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "ही आपलीच उंची." मग पानाचा डबा मागवला. डबा आला म्हणजे माणूस मुक्कामाला आहे, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. किशोरी दारातून बघत होती. ती मिक्सरबद्दल काही बोलली नाही.

मितेशने गाडी दोन दिवस ठेवायला दिली. सोमवारी सकाळी हो-नाही सांगायचं, कारण श्रीवर्धनचं एक गिऱ्हाईक थांबलंय. चावी एकच दिली, दुसरी पनवेलला आहे. शनिवारी मी आबांना विचारलं, कुठे जायचं? ते म्हणाले, अक्काकडे. विचार करावा लागला नाही त्यांना. म्हणून तुम्हाला फोन, म्हणून तुमचं धक्क्यावर येणं, म्हणून फणसाच्या सांदणांचा तो डबा. इथपर्यंत कुणाची चूक नाही.

दिघीला गाडी बोटीवर चढवली आणि कडेला लावली. इंजिन थांबवलं, चावी आबांकडे दिली आणि तिकिटं काढायला गेलो. परत येईतो बोट निघालेली. आत उकडत होतं. थंड हवा लावावी म्हणून बटण दाबलं, तर गाडीने समोर चावीचं लहानसं चित्र दाखवलं आणि गप्प. चावी नाही, असं तिचं म्हणणं. मी आबांना विचारलं, चावी आहे ना? "आहे." गाडी म्हणते नाही, आबा म्हणतात आहे. मी वडिलांवर विश्वास ठेवला. (दाखवा म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही.) आबा पान लावायला बसले, मी पुन्हा दाबलं, आणि इंजिन चालू झालं. इतक्यात बोटीवरचा अनंता काचेपाशी आला. "गाडी बंद हाय ना?" मी अभिमानाने म्हटलं, हो, कंपनीने मागेच बंद केली. पण पार्ट मिळतात. त्याने माझ्याकडे जरा बघितलं. मग म्हणाला, "तुमी इंजिन बंद करा. कंपनीचं मंग बघू."

मी बंद केलं. आणि आगरदांड्याला ते चालू झालं नाही. पुढचं तुम्ही पाहिलंत, पण लांबून. ढकलायला सहाजण आले. गाडी हलेना. या गाडीला ढकलायचं असेल तर आधी चालू करावी लागते, कारण चालू केल्याशिवाय गिअर सुटत नाही. हे ऐकून सहाजण निघून गेले. कडेला होती म्हणून बाकीच्या गाड्या उतरल्या, नव्या चढल्या. मी तुमच्याकडे धावत येणार होतो, पण भोंगा झाला आणि आबा आत एकटे होते. तेव्हा ते मनगट.

परतताना खाडीच्या मधोमध मी नुसतं दाबून बघितलं. चालू. दिघीला पुन्हा बंद. अनंता म्हणाला, "दादा, ही पाण्यात चालते, जमिनीवर न्हाय. होडी म्हणून घ्या." तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही. आम्ही पुन्हा निघालो.

या दुसऱ्या खेपेबद्दल मला नीट लिहिता येत नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भरती होती. गाडी उभी होती आणि आम्ही चाललो होतो. काचेतून दिघीची टेकडी मागे जायची, मग नुसतं पाणी, मग लांब जंजिरा, तो येतोय की जातोय ते कळत नव्हतं. एक बगळा पुढच्या टपावर बसून आमच्याबरोबर आला. आबा मागे ओटीवर बसल्यासारखे बसले होते, गुडघ्यांवर हात, आणि जग त्यांच्यासमोरून जात होतं. म्हणाले, "निकेत, आपण कुठे जात नाही, तरी किती लांब आलो." मी आरशात बघितलं. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा सैल मी पाहिला नव्हता. गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हा पाण्यात कुठेतरी पडला असावा. आगरदांडा आला. धक्का मोकळा होता. आबा काच खाली करून बराच वेळ बघत राहिले. मी बटण दाबलं, पुन्हा तेच चित्र. आम्ही उतरलो नाही.

दिघीला परत आलो आणि गाडी पहिल्या दाबाला चालू झाली. सदूच्या मते हा खाऱ्या हवेचा परिणाम. म्हणजे यात तुमचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, हे तुमच्या ध्यानात यावं. राग हवेवर काढावा. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, रुचिताला सांगावं की निरोप अक्षरशः पोचला.

आपला,
निकेत
दिवेआगर, रविवार संध्याकाळ

ता.क. खारी हवा वगैरे काही नाही. चावी आबांच्या पानाच्या डब्यात होती. जपायची वस्तू ते त्याच डब्यात ठेवतात, तुम्हाला ठाऊक आहेच. डबा पितळेचा. झाकण लावलं की गाडीला चावी दिसत नाही, उघडलं की दिसते. खाडीत त्यांनी पान लावलं की गाडी चालू व्हायची, धक्का आला की झाकण लागायचं. हे मला दिघीला कळलं, शेवटचं झाकण उघडताना मी आरशात बघत होतो म्हणून. आबांना ते पहिल्या पानालाच कळलं होतं. ओटीवर बसल्यावर ते आपणहून म्हणाले, "अक्का धक्क्यावर कशी ताठ उभी होती. तिच्या घराला पायऱ्या. मला दोघांनी धरून चढवलं असतं. तिला वाटलं असतं, मी तिच्यापेक्षा म्हातारा झालो." मग दिघीला पुन्हा कशाला झाकण लावलंत, मी विचारलं. म्हणाले, "ती अजून उभी आहे का, बघायचं होतं."

ता.क. २. तेव्हा मूळ विनंती अशी. गाडी राहिली (मी अजून ठरवलेलं नाही, किशोरी म्हणते माणूस ठरवत नसतो, त्याचं ठरतं), तर गुरुवारी आम्ही पुन्हा बोटीवर असू. तुम्ही धक्क्यावर थांबू नये. डबा घेऊन सरळ बोटीवर यावं, मागचं डावं दार उघडावं, पाठ वळवून बसावं. उंची तुम्हालाही जमेल. बोट जाईल तिकडे जावं, येईल तिकडे यावं. कुणी कुणाला उतरताना, चढताना बघणार नाही. आबा तुमच्यापेक्षा लहान दिसतात, असं सहज म्हणावं. मी तुम्हाला काही कळवलं, हे म्हणू नये.

सोमवार. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. सकाळी मितेश उत्तर घ्यायला आला. मी म्हटलं, अजून विचार चाललाय. तो म्हणाला, मग श्रीवर्धनवाल्याला दाखवून येतो. आबा आधीच मागे बसले होते, उजवीकडे सरकून, डबा मांडीवर. मितेशने बटण दाबलं. गाडी चालू झाली नाही. तो रिक्षाने गेला.