अधिक महिन्याचे वाण सरकारजमा करून घेण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
राष्ट्रार्पण-निधी कचेरी (अस्थायी),
नागपूर.

अर्जदार : सौ. शामला वामनराव ठोंबरे, बी. ए., राहणार महाल, नागपूर.

विषय : तेहेतीस घरांची चांदी दान म्हणून घेता येत नसल्यास दंड म्हणून जप्त करण्याविषयी.

संदर्भ : आपल्या कचेरीचा खुलासा मागणारा कागद, ता. ९ सप्टेंबर १९४७.

महोदय,

वरील कागद पोचला. मागितलेला खुलासा पुढे देत आहे. तो देताना थोडे मागून सांगावे लागेल, त्याची क्षमा असावी.

१. यंदा अधिक श्रावण होता आणि तो सरता सरता देश स्वतंत्र झाला. अधिकात जावयाला तेहेतीस अनारसे आणि वर चांदीची एखादी वस्तू वाण म्हणून देण्याची आमच्यात रीत आहे. आमच्या गल्लीतील बायका दुपारी माझ्याकडे वर्तमानपत्र ऐकायला जमतात. तिजोरीची वाटणी व्हायची आहे, निर्वासित येत आहेत, धान्य परदेशातून विकत आणावे लागेल, असे मी वाचून दाखविले. त्यावर आमच्या वयोवृद्ध जिजाबाई म्हणाल्या की, वेगळी चूल मांडली की पहिले दिवस जडच जातात, तेव्हा माहेरच्यांनी हात द्यायचा असतो. यंदाचे वाण जावयाऐवजी सरकारला द्यावे, असे तिथेच ठरले. शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या, "सरकारचे जावई लय पाहिले वं, सरकारच जावई झालेलं पहिल्यांदा पाहून राहिली." सगळ्या हसल्या. मीही हसले. शिकलेली म्हणून वाण पोचते करण्याचे काम माझ्याकडे आले.

२. तेहेतीस घरांतून एकेक वस्तू आली. कुणाचे निरांजन, कुणाचा करंडा, कुणाची जोडवी. माझ्या घरून माझ्या मुलीचे वाळे गेले. ते तिच्या बारशातले होते. शिधापत्रिकेवर मिळालेल्या तांदळातून प्रत्येकीने मूठ मूठ काढली, त्याचे अनारसे केले. पितळी डब्यात चांदी आणि परातीत अनारसे, असे घेऊन मी आपल्या कचेरीत आले. कारकून गणपतराव यांनी डबा उघडला आणि पुन्हा मिटला. रोख असती तर घेता आली असती, वस्तू कोणत्या खात्यात जमा धरायच्या याचा हुकूम अजून वरून आलेला नाही, असे त्यांनी सांगितले. ते गृहस्थ वाईट नाहीत. "जप्तीच्या मालाले खातं आहे, बाई," ते म्हणाले, "दानाच्या मालाले नाही. नव्या सरकारले कोणी आपल्या हातानं आणून देईन, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही." अनारसे मात्र नाशवंत म्हणून ठेवून घेतले व त्यांची रीतसर पावती दिली. ते कचेरीत सर्वांना आवडल्याचे मागाहून कळले, त्याबद्दल आभारी आहे.

३. मी डबा परत आणला आणि ज्याची त्याने वस्तू घेऊन जावी, असे दारोदार जाऊन सांगितले. एकीनेही हात लावला नाही. दिलेले वाण परत घेतले तर घराला दोष लागतो, ही गोष्ट, मी बी. ए. झालेली असले तरी, माझ्या लक्षात आधीच यायला हवी होती. सुभद्राबाई दारातूनच म्हणाल्या, "जावई रुसला वं तुझा. आता तूच समजूत काढ त्याची." तेव्हापासून डबा माझ्याकडे आहे. तो ना माझा, ना त्यांचा, ना अद्याप आपला.

४. माझे यजमान रेल्वेत गार्ड असून निर्वासितांच्या गाड्यांवर गेलेले आहेत. त्यांचे शेवटचे कार्ड दिल्लीहून आले, पुढे खबर नाही. घरात मी आणि नऊ महिन्यांची मुलगी. दाराची कडी जुनी आहे. नळावर जाताना मूल कडेवर आणि डबा दुसऱ्या हातात घेते, मग घागर धरायला हात उरत नाही. गेल्या बुधवारी भर दुपारी एक अनोळखी माणूस दारात उभा राहून, सरकारी चांदी इथेच असते काय, असे विचारून गेला. त्या दिवसापासून मी मुलीला पाळण्यात न निजवता अंगाशी धरून बसते, आणि पाळण्यात डबा असतो.

५. याहून वाईट ते पुढेच आहे. कुही गावाहून माझ्या आईने नातीसाठी नवे वाळे पाठविले. ते घातले त्या दिवसापासून येणारी प्रत्येक बाई आधी मुलीच्या पायांकडे बघते, मग माझ्या तोंडाकडे. वाणातलेच वाळे मी परत काढले की काय अशा संशयाने, कचेरीत काय काय दिले त्याची पावती दाखव म्हणाल्या. माझ्याजवळ पावती आहे ती अनारशांची. तीच वाचून दाखविली. जाता जाता गल्लीतल्याच कौशल्याबाई एवढेच म्हणाल्या, "म्हनजे सरकारले अनारसे आन तुले चांदी काय वं?" मी वाळे काढून ठेवले. मुलगी आता रांगते. ती कुठे गेली ते आवाजावरून कळत असे, तेही आता कळत नाही.

६. अशात आपला कागद आला. अनारशांस लागलेला तांदूळ कोठून आणला व शिध्याचे धान्य एकत्र करण्याची परवानगी घेतली होती काय, असा खुलासा त्यात मागितला आहे. माझी पहिली रात्र रडण्यात गेली. सकाळी तोच कागद पुन्हा वाचला, तेव्हा गणपतरावांचे बोलणे आठवले. जिजाबाईंना जाऊन विचारले की, वाण सरकारने ओढून नेले तर काय. त्या म्हणाल्या, "राजानं ओढून नेलं तं दोष राजाले. आपल्या हातानं वापस घेतलं तं आपल्याले."

७. तरी खुलासा असा की, तांदूळ शिध्याचा होता, तो एकत्र केला आणि परवानगी घेतली नाही. गल्लीतील बाकीच्या बायकांना नियम ठाऊक नव्हता. मला होता, कारण त्यांना तो वर्तमानपत्रातून वाचून दाखविणारी मीच. गुन्हा माझा एकटीचा धरावा. अनारसे तळले तेव्हा यजमान घरी नव्हते, म्हणून त्यांच्या नोकरीस बाध येऊ नये, एवढी हात जोडून विनंती आहे.

८. या गुन्ह्याबद्दल माझ्या ताब्यातील डबा दंड म्हणून जप्त करावा. पंचनाम्यात प्रत्येक वस्तूपुढे ती देणारीचे नाव मी सांगेन तसे लिहावे, आणि त्याची एक नक्कल मला द्यावी. ती मी गल्लीत मोठ्याने वाचणार आहे. दंड कमी भरत असेल तर नवे वाळेही पदरात आहेत. डबा मात्र पुन्हा माझ्या हाती देऊ नये.

अर्ज टपालाने न पाठविता मी स्वतः आणला आहे. मुलगी आणि डबा बरोबर आहेत. हुकूम होईपर्यंत आम्ही आपल्या व्हरांड्यात बसलो आहोत.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,
सौ. शामला वामनराव ठोंबरे
नागपूर, ता. १६ सप्टेंबर १९४७

सोबत :
१. अनारशांची पावती, अस्सल.
२. पितळी डबा एक, अर्जदाराच्या मांडीवर.