शंभरपैकी एक्केचाळीस

ठाकूरद्वार, रविवार

ती. मालनवहिनींना मृणालिनीचा सादर नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? दादरच्या त्या नव्या डॉक्टरांचं तेल लावता, की नुसतं कपाटात जपून ठेवलंय? फोन न करता मुद्दाम पत्र लिहिते आहे, कारण हल्ली आपलं बोलणं कुठून कुठे पोचेल सांगता येत नाही. पोस्टमन निदान पाकीट फोडत नाही.

उन्मेषने मला घेऊन दिलेली नवी गाडी इंटरनेटला जोडलेली आहे. मी कुठे वळले, ब्रेक किती जोरात मारला, सगळं ती बंगळुरात त्याच्या फोनवर कळवते (इतक्या चहाड्या तर आमच्या सुनेनेही केल्या नाहीत). वर महिनाअखेर मार्क देते! चौतीस वर्षं मी पोरांचे भूगोलाचे पेपर तपासले, आणि आता मला मार्क कोण देणार, तर जिच्या डिकीत मी पापडाचे डबे ठेवते ती. ऑगस्टात शंभरपैकी एक्केचाळीस. नन्सच्या शाळेत मला शिवणकामातसुद्धा एवढे कमी पडले नव्हते. उन्मेष म्हणाला, "आई, चौदा वेळा करकचून ब्रेक मारलायस. किल्ली ठेवून दे आता. गाडी विकून टाकू."

किल्ली ठेवून दे! मी गाडीचं तीनशे पानी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं (विकणाऱ्या मुलाने ते वाचलेलं नाही, मी त्याची तोंडी परीक्षा घेतली). पान दोनशे बारावर सापडलं: प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि जागा गाडीतल्या पडद्यावर दिसते. गुरुवारी मी गाडीतच बसून सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि यादी खणखणीत आवाजात वाचली. चौदापैकी बारा ब्रेक एकाच शनिवारी, परळ ते माहीम. त्या शनिवारी मी घरी अळूवड्या उकडत होते. गाडी घेऊन गेले होते सुट्टीला मुंबईत आलेले आमचे चिरंजीव, परळच्या हॉस्पिटलात अप्पाकाकांजवळ 'दिवसभर बसायला'. हॉस्पिटलपाशी गाडी थांबली अकरा मिनिटं. माहीमला अडीच तास.

"माहीमला काय होतं रे?" वैदेहीने विचारलं. (सुनेबद्दल वर कंसात लिहिलंय ते खोडलं असं समजा.)

"अगं... बोंबील," चिरंजीव पुटपुटले. त्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ती तिथल्या तिथे घेऊन आली.

तर वहिनी, किल्ली माझ्याकडेच आहे. शिवाय गाडी माझ्या नावावर, म्हणून ॲपचं मुख्य खातंही आता माझ्याच फोनवर घेतलं. सप्टेंबरात शहाण्णव मार्क पडले. फ्रेम करून हॉलमध्ये लावलेत, व्हिडिओ कॉलच्या कॅमेऱ्यात दिसतील असे.

तुमची,
मृणालिनी

ता.क. तुमचा ड्रायव्हर शामराव महिन्यासाठी दिलात, तो दिवाळीपर्यंत राहू द्याल का? शहाण्णव त्याचे आहेत. ऑगस्टातले उरलेले दोन ब्रेक तेवढे माझे (शहाळेवाला मध्ये आला). उन्मेषला यातलं काही कळता कामा नये.

आणखी एक. काल शामराव टायरमध्ये हवा भरून आणतो म्हणून गेला. माझा फोन वाजला: गाडी माहीमला, पन्नास मिनिटं. त्याला रागावू नका. पुढच्या वेळी दोन प्लेट बांधून आण, एवढंच सांगा.