मानेवरची फुंकर

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि उष्णतेची गळती शोधणारे गृहस्थ कॅमेरा घेऊन आले. तुमच्या खोलीची भिंत पडद्यावर पिवळी दिसली, पण उशीमागच्या स्विचबोर्डाभोवती निळाशार पट्टा होता. तिथे भिंतीत भोक राहिलंय, गार वारा थेट आत येतो. म्हणजे मानेवर कुणीतरी फुंकर घालतं हे तुमचं म्हणणं खरंच होतं, आणि मी आणि ताईने भास समजून डॉक्टरांची वेळ घेतली. गृहस्थ म्हणाले, "तक्रार कुणाची? अचूक जागा सांगितलीय!" मला उत्तर देताना लाज वाटली. चुकलं माझं. पण जीव भांड्यात पडला.

गवंड्याला आणायला चाललोय. सोमवारची डॉक्टरांची वेळ रद्द केली आहे. ताईला काही कळवलेलं नाही. तो फोन तुम्हीच करा, आणि चांगलं सावकाश ऐकवा तिला.