चिरंजीवांकडचा हातबॉम्ब

मी, उभे आयुष्य युद्धपटांना आणि युद्धमालिकांना नकली हत्यारे पुरवण्यात घालवलेला, धंद्यात ‘दारूगोळाकाका’ म्हणून ओळखला जाणारा इसम, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून सही घेतलेली नाही. भीती मात्र वाटते आहे. घाबरलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले.

माझी पत्नी हयात नाही. मला एक मुलगी आणि तिच्या पाठचा एक मुलगा. मुलगी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी येऊन मला औषधे घ्यायला लावते. चिरंजीव परमुलखात असतात. नेमके कुठे ते सांगत नाहीत. बहिणीला फोन करतात, पण पत्ता तिलाही देत नाहीत, कारण तिच्याकडून तो माझ्यापर्यंत पोचेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, दोघा मुलांना समान वाट्याने द्यावे. भांडू नये. मोरीतला गळका नळ मुलीच्या वाट्याला, कारण तो फक्त तिचेच ऐकतो.

कलम दुसरे. गोदामातला सगळा माल, म्हणजे लाकडी बंदुका, रबरी संगिनी, हेल्मेट, बूट आणि अर्धा रणगाडा (कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते, म्हणून अर्धाच बांधला), माझ्याकडे शेवटपर्यंत टिकलेल्या सुताराला द्यावा. एक अट आहे. त्या दाढीवाल्या दिग्दर्शकाला त्यातली बुटाची नाडीसुद्धा भाड्याने देऊ नये. त्याच्या माहितीपटांत म्हातारे सैनिक आठवणी सांगताना रडतात आणि पडद्यावर माझ्या रबरी संगिनी चालतात. ‘हे नाट्यरूपांतर आहे’ अशी पाटी लावा म्हणून मी किती वेळा सांगितले! तो म्हणायचा, “काका, पाटी लावली की लोकांचं रडू थांबतं.” त्या न लावलेल्या पाटीची किंमत आज मी मोजतो आहे, कशी ते पुढे येईलच.

कलम तिसरे. माझ्या दिवंगत धाकट्या भावाचे रंगाचे ब्रश. हेही सुतारालाच. खरे म्हणजे ते मेकअपवाल्या मावशींना शोभले असते, पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. त्यांनी ब्रश आधीच नेले असतील तर मी चौकशी करणार नाही.

भाऊ गंज रंगवायचा. नव्या पत्र्यावर त्याने हात फिरवला की पत्रा दोन लढाया बघून आल्यासारखा दिसायचा. एका माहितीपटासाठी लहानशा युद्धसंग्रहालयाने आम्हाला जुना हातबॉम्ब नमुना म्हणून दिला. आतली दारू काढलेली आहे, असे त्याच्या कागदावर लिहिले होते. भावाने त्यावरून नकला केल्या, आत शिसे आणि प्लास्टर भरून वजनही तेवढेच ठेवले. संग्रहालयाचे गृहस्थ नमुना परत न्यायला आले तेव्हा मी चित्रीकरणावर होतो. भावाला खोड्या करायची हौस भारी. त्याने सगळे बॉम्ब एका ओळीत मांडले आणि म्हणाला, “बघा साहेब, तुमचा कुठला ते तुम्हीच ओळखा.” गृहस्थांनी चष्मा पुसला आणि सर्वांत जास्त गंजलेला उचलला. भावाला वाटले बरोबर उचलला. त्याचे स्वतःचेच डोळे त्याच्या रंगाला फसले होते. बाकीचे आमच्या फडताळात गेले आणि आमच्या घरात वर्षानुवर्षे दाराला टेकण लावायला, पापडांवर वजन ठेवायला वापरले गेले.

कलम चौथे. हे कलम माझ्या मुलासाठी आहे. त्याने ते शेवटपर्यंत ऐकावे.

बाळा, गेल्या पावसाळ्यानंतर दूरदर्शनवर त्या संग्रहालयावर माहितीपट लागला. त्यात तज्ज्ञ बाईंनी एकेक वस्तू क्ष-किरणाखाली धरली. आपल्याकडून परत गेलेला हातबॉम्ब आला तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “हा तर चक्क प्लास्टरचा आहे.” मीही हसलो, भावाची आठवण आली. मग त्यांनी त्याच पेटीतला दुसरा बॉम्ब धरला, त्याचा जोडीदार, आणि त्यांचे हसू गेले. तो भरलेला होता. कागदावर काहीही लिहिलेले असो, दारू कोणी कधी काढलीच नव्हती. माझ्या हातातला चहा लेंग्यावर सांडला तरी मला कळले नाही.

मी त्याच दिवशी बॉम्बनाशक पथक बोलावले. त्यांनी फडताळातला प्रत्येक बॉम्ब तपासला. सगळे प्लास्टरचे निघाले. फडताळात नव्हता तो एकच, तू नेलेला.

तू तो कसा नेलास ते तुला सांगायला नको, पण हा कागद परक्यांपुढेही वाचला जाईल म्हणून लिहितो. तुझ्या आईला तुला बघायचे होते आणि तुला रजा मिळत नव्हती. कल्पना तिची, चेहरा माझा. मेकअपवाल्या मावशींनी मला मरणपंथाला लागलेला रंगवले, आईने तुला फोटो पाठवला. तू नोकरीवर पाणी सोडून धावत आलास, तर मी पलंगावर बसून भात कालवत होतो. तू ओरडला नाहीस. फडताळातून एक हातबॉम्ब उचललास, “एवढीच वस्तू नेतो, हिला निदान वजन तरी आहे,” म्हणालास आणि गेलास.

तायडीने तुला फोन करून सगळे सांगितले. तू म्हणालास, “ताई, तुला पण गुंडाळलं त्यांनी. बाबांच्या घरातली एक तरी वस्तू खरी होती का गं?” तिने माहितीपटाचा तुकडा पाठवला. तू म्हणालास, “ते सगळे त्यांचेच गिऱ्हाईक. अर्धे माहितीपट आपल्याच गोदामातून निघालेत.” खोटे नव्हते ते. शेवटी पथकाच्या अधिकाऱ्यांनी स्वतः फोन केला. त्यांना तू म्हणालास, “आवाज छान लावलात साहेब, कुठल्या मालिकेत असता?” तेव्हापासून तू अनोळखी नंबर उचलत नाहीस. तुझा नंबर परमुलखातला, म्हणून पोलिसांनी कागद वर पाठवला आहे. तो वरच आहे.

मग तू तायडीला तो फोटो पाठवलास. माझी नात, जिला मी अजून पाहिलेले नाही, जमिनीवर फतकल मारून बसली आहे. मांडीत हातबॉम्ब आणि इवलेसे बोट त्याच्या कडीत. खाली तू लिहिले आहेस, ‘आजोबांचा ठेवा’.

इतका रागावून गेलास तरी तू तो टाकला नाहीस. माझी एक वस्तू जपलीस आणि मुलीला ती कोणाची तेही सांगितलेस. मला क्षणभर फार बरे वाटले. मग पुन्हा ते बोट दिसले. त्या दिवसापासून घरात भांडे पडले तरी मी कान झाकून घेतो. अधिकारी म्हणतात, गंजलेली पिन घट्ट बसलेली दिसते, पण बिस्किटासारखी तुटते.

म्हणून माझी आज्ञा नाही, विनवणी आहे. हे ऐकशील त्या क्षणी बायकोला आणि मुलीला घेऊन घराबाहेर पड. बॉम्बला हात लावू नकोस. फेकू नकोस, पाण्यात टाकू नकोस, मला खोटा ठरवायला आपटून बघू नकोस. बाहेरून पोलिसांना बोलाव.

कलम पाचवे. बापाचा फोन मुलगा ठेवून देतो, पण मेलेल्या बापाचे मृत्युपत्र ऐकतो. अडचण एवढीच की मी जिवंत आहे, आणि डॉक्टर म्हणतात अजून बरीच वर्षे राहीन. तेवढी वर्षे त्या पिनेकडे नाहीत.

काल मी मुलीला म्हटले, “त्याला कळव, मी गेलो.”

ती म्हणाली, “मी त्याच्याशी आजवर एकदाही खोटं बोललेले नाही, बाबा.”

“म्हणून तर तो ऐकेल. मागच्या वेळी तू त्यात नव्हतीस, त्याला माहीत आहे.”

“आणि नंतर कळल्यावर? मग मीही त्याची कोणी राहणार नाही.”

ती मोरीत गेली, कपबशा विसळल्या, पुसल्या, जागच्या जागी ठेवल्या. मग म्हणाली, “मावशींना बोलवा.”

त्या आज आल्या. युद्धमालिकांतली किती प्रेते त्यांनी रंगवली असतील, पण माझ्या ओठांचा रंग त्यांनी दोनदा पुसून पुन्हा लावला. म्हणाल्या, “मागच्या वेळी आपण किती हसलो होतो हो.” आज कोणी हसले नाही. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर या प्रकारात नाहीत. ते फक्त माझ्या सहीची साक्ष द्यायला आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले आहेत.

सही झाल्यावर मी आडवा होईन. मुलगी फोटो काढून पाठवेल. त्याचा फोन आला की ती रडेल. ते नाटक नसेल, तिचे डोळे सकाळपासून भरलेले आहेत. मग ती त्याला कलम चौथे वाचून दाखवेल. बॉम्ब पोलिसांच्या ताब्यात गेल्याचे त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती खरे सांगेल. त्यानंतर तो जे बोलेल ते तिने माझ्यावर ढकलावे, सगळेच्या सगळे.

कलम सहावे व शेवटचे. मी खरोखर जाईन तेव्हा मुलीने आपल्या भावाला एकदा कळवावे. तो विश्वास ठेवणार नाही. विचारेल, “या वेळी रंग कोणी लावला?” तिने त्याच्याशी वाद घालू नये, फोटो पाठवू नये, शपथा घालू नयेत. मला त्याच्यासाठी थांबवून ठेवू नये. फक्त एवढे विचारावे, की पोरगी कशी आहे. ती बरी आहे असे तो म्हणाला, तर मला उचलावे.

मृत्युपत्र करणार: (सही) दारूगोळाकाका

साक्षीदार पहिला: (सही) वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. सही करताना हे गृहस्थ जिवंत, शुद्धीवर आणि अतिशय घाबरलेले होते. एवढेच मी प्रमाणित करतो.

साक्षीदार दुसरी: (सही) मेकअपवाल्या मावशी. माझ्यासमोर सही केली. ओठांचा रंग ओला आहे, त्यांना बोलू देऊ नये.

अंमलबजावणी करणार: (सही) मुलगी. वाचले. मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: आज, शनिवार, फोटो पाठवण्यापूर्वी.