ढेकूण केसांत नव्हते

शिवाजी पेठ, कोल्हापूर

अव्वा,

तुला आणि अप्पांना नमस्कार. मी ठीक आहे. खोली सोडावी लागली नाही, केसही कापावे लागले नाहीत.

घरमालकीण शालूबाई गल्लीभर सांगत होत्या, "ह्या पोरीच्या केसांतनं घरात ढेकणं आली." मला म्हणाल्या, "रविवारपातूर केस काप, न्हायतर खोली रिकामी कर." केसांत ऊ राहते, ढेकूण नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

शनिवारी त्यांच्यासमोर पांढऱ्या कागदावर बारीक फणीने सगळे केस विंचरले. कागद कोरा राहिला. मग मी कामाला जाते त्या फाउंड्रीतून आणलेल्या पान्याने त्यांनीच दिलेली लाकडी कॉट खोलली. सांध्यांत एकेचाळीस ढेकूण निघाले.

शालूबाईंनी वाकून सांध्यात पाहिलं. "आगं बया, ही माझ्या लग्नातली कॉट हाय की."

सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, चादरी उकळल्या, गादी टाकून दिली. पंधरा दिवसांत एकही चावा नाही. त्याआधी आठवडाभर मी खुर्चीत झोपत होते, ते अप्पांना सांगू नकोस.

धाकट्या सुष्मिताच्या उवा गेल्या का? तिला रॉकेल लावू नकोस. रोज फणी फिरव.

आता शालूबाईच मला गल्लीत मिरवतात, "आमची विद्याश्री ढेकूण हुडकून देती." काल समोरच्या काकूंची कॉट खोलली. तिथे सव्वीस निघाले. काकू म्हणाल्या, "तुमच्याच घरनं आल्यात न्हवं, शालूबाई?"

शालूबाई लगबगीनं पाणी उकळायला घरी गेल्या.

कमरेपर्यंतच्या वेणीसकट,
तुझी विद्याश्री