पोटातली मासोळी

खामगाव,
१२ डिसेंबर १९६३

ती. सौ. सत्यभामाताईस,
धाकट्या रुक्मीचा शि. सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक. धाडच्या बाजारातून तू पाठवलेल्या मिरच्या पोचल्या. तिखट आहेत, तुझ्यासारख्याच.

आमच्या घरच्या प्राध्यापकांचं मासेपुराण जोरात आहे. पूर्णा नदीवरून आणलेले मासे बाटल्यांत घालून घरभर मांडलेत. कॉलेजात म्हणे जागा नाही. मरळ, शिंगी, वांब, आणि बोटाएवढे कितीतरी, ज्यांना आपण नुसतं 'मासे' म्हणून मोकळे होतो. एकाच नदीत एवढ्या तऱ्हा कशा झाल्या, हे यांना शोधायचंय. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिते, कारण यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मेलेले मासे टिकावेत म्हणून आत घातलेल्या औषधाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं.

सासूबाई रोज ओरडतात, "पोटुशी बाईनं मेलेलं पाहू नाही, बाप्पा!" मी हसण्यावारी नेते. हे तर म्हणाले, पोटातल्या पोराच्या गळ्याशीही आधी माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्या येतात, आपण सगळे मुळात त्यांचेच भाऊबंद. तेव्हापासून बाळाचं नाव 'मासोळी'.

ताई, मासोळी कालपासून हलली नाही.

लिहिलं एकदाचं. गूळ खाल्ला, कुशीवर निजले, पोटावर हात ठेवून हाकासुद्धा मारल्या. हे पूर्णेवर गेलेत. सासूबाईंना सांगितलं तर आधी बाटल्या उकिरड्यावर जातील, यांची सगळी मेहनत मातीत जाईल, म्हणून गप्प राहिले. पण खरं सांगू? त्यांचंच खरं निघेल की काय, याची धास्ती आहे. त्या वासानंच काही झालं असलं तर? मला फार भीती वाटतेय गं. अक्षर बघ कसं आलंय.

तुला पत्र पोचेपर्यंत थांबणं म्हणजे वेडेपणा, हे लिहिता लिहिताच कळलं. उठते. सांगते सासूबाईंना.

सांगितलं. वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग एवढंच म्हणाल्या, "चाल माय, दवाखान्यात." बाटल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. टांगा बघायला अनवाणीच गेल्यात.

ताई, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिळेल त्या एस.टी.नं निघून ये.

तुझी
रुक्मी